शाळा कोणाच्या नावावर?

माझा एक जुना विद्यार्थी बरीच वर्षे इंग्लंडात स्थायिक आहे. दर दिवाळीला न चुकता फोन करतो. आधी आईच्या प्रकृतीचे सांगतो, मग फराळाची चौकशी करतो आणि शेवटी शाळेत आता किती तुकड्या उरल्या ते विचारतो. काही वर्षांपूर्वी मात्र फोन उचलताच त्याने विचारले, "सर, मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आलीय. शाळा आता कौन्सिलकडं राहणार नाही, अकॅडमी होणार म्हणे. म्हणजे प्रायव्हेट झाली का? फी पडणार का?" मी म्हटले, "फी नाही पडायची." तो म्हणाला, "मग मालक कोण?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. मास्तरकीत जन्म गेला, वर्गात एखाद्या पोराने अडवले की घरी येऊन पुस्तके उघडायची खोड लागली आहे. तसेच झाले. त्या निमित्ताने जे वाचले, ते आमच्या सीमाभागातील आणि बाहेरच्या मराठी घरांनाही ऐकण्याजोगे आहे असे वाटले. कारण 'मालक कोण' हा प्रश्न आपल्याकडे फक्त इमारतीपुरता कधीच नसतो. मालकापाठोपाठ माध्यमही बदलते, हे आपण पाहत आलो आहोत.

इंग्लंड म्हटले की सगळे पहिल्यापासून सरकारने नीट बसवून दिले असेल अशी आपली एक समजूत असते. प्रत्यक्षात तिथे गोरगरिबांच्या शाळा प्रथम चर्चने आणि धर्मादाय मंडळ्यांनी काढल्या. त्यात गंमत अशी की, त्या शाळांची शिकवण्याची रीत आपल्याच देशातून गेली होती. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासच्या अनाथालयाचा प्रमुख होता. मलबारी शाळेत पोरे वाळूवर अक्षरे गिरवतात आणि मोठी पोरे धाकट्यांना शिकवतात, हे त्याने पाहिले. आपल्या धुळपाटीचीच ती बहीण. एका मास्तरच्या हाताखाली शेकडो मुले शिकवण्याची ती स्वस्त युक्ती त्याने १७९७ मध्ये पुस्तक लिहून विलायतेत नेली. पुढे १८११ मध्ये निघालेल्या नॅशनल सोसायटी या चर्चच्या संस्थेने तीच रीत 'मद्रास पद्धती' म्हणून गावोगाव पसरवली.

सरकारने या कामी पहिला पैसा दिला तो १८३३ मध्ये, २०,००० पौंड, आणि तोही या मंडळ्यांच्या हातात. म्हणजे अनुदान सरकारचे आणि शाळा संस्थेची, हा जो प्रकार आपण अनुदानित शाळांतले शिक्षक रोज भोगतो, त्याची मुळी तिथे आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने तोच प्रकार हिंदुस्थानात आणला. त्या खलित्यात असेही सूचित होते की अनुदानावर चालणाऱ्या शाळा वाढत जातील तसतसे सरकारने आपल्या शाळा बंद कराव्यात किंवा स्थानिक मंडळींच्या ताब्यात द्याव्यात. पुढे १८६२ मध्ये रॉबर्ट लोव यांनी इंग्लंडात 'जसा निकाल तसे अनुदान' हा नियम घातला. इन्स्पेक्टर यायचा, वाचन, लेखन, गणित तपासायचा आणि मुलामागे रक्कम ठरायची. मुंबई इलाख्यातील अनुदानालाही हीच फूटपट्टी काही काळ लागली होती. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी पोरांकडून उत्तरे घोटून घेण्याची आपली परंपरा किती जुनी आहे, हे त्यावरून कळावे.

चर्चच्या शाळा पुरेनात, तेव्हा १८७० मध्ये विल्यम फॉर्स्टर यांचा कायदा आला. जिथे शाळा नाही तिथे लोकांनी निवडलेले स्कूल बोर्ड स्थापावे, घरपट्टीबरोबर शिक्षणाचा कर गोळा करावा आणि शाळा बांधावी. पार्लमेंटचे मत स्त्रियांना मिळायला अजून ४८ वर्षे होती. पण या बोर्डांसाठी त्यांना मत देता येत होते आणि उभेही राहता येत होते. त्याच साली लंडनच्या बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोघी निवडून आल्या. 'बोर्डाची शाळा' हा शब्द आपल्याकडे म्हातारी माणसे अजून वापरतात. आपल्या बोर्डाचा कायदा वेगळा, पण कल्पना तीच: गावाने कर द्यायचा, गावाने माणसे निवडायची आणि शाळा गावाची.

१९०२ मध्ये बाल्फोर यांच्या कायद्याने ही अडीच हजारांच्या वर बोर्डे मोडली आणि शाळा काउंटी व शहर कौन्सिलांकडे सोपवल्या. चर्चच्या शाळांनाही करातून पैसा मिळू लागला. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे जे ख्रिस्ती पंथ होते ते यावर खवळले. 'आमच्या पैशांवर तुमचा धर्म का शिकवता' म्हणून हजारोंनी कर भरायला नकार दिला. कुणाच्या घरातले सामान जप्त झाले, कुणी तुरुंगात गेले. वेल्समध्ये तर लॉईड जॉर्ज यांच्या पुढाकाराने कौन्सिलेच अडून बसली. करदाता आपल्याला शाळेचा मालक समजतो आणि त्याला न विचारता शाळेचा बाज बदलला तर तो काय करतो, त्याचे हे ठळक उदाहरण.

पुढचे १९४४ चे बटलर यांचे प्रसिद्ध विधेयक मी थोडक्यात आटोपतो. माध्यमिक शिक्षण मोफत झाले, चर्चच्या शाळांना किती पैसा घ्यायचा आणि किती स्वातंत्र्य ठेवायचे याचे पर्याय मिळाले, आणि शिक्षणमंत्री, कौन्सिल व मुख्याध्यापक अशा तिघांच्या तिकाटण्यावर पुढची चाळीस वर्षे कारभार चालला. अभ्यासक्रमात मंत्री फारसे लक्ष घालत नसत.

हे तिकाटणे मोडले १९८८ मध्ये. मार्गारेट थॅचर पंतप्रधान आणि केनेथ बेकर शिक्षणमंत्री होते. शहरांतील कौन्सिले बहुतेक मजूर पक्षाच्या हाती, आणि थॅचरबाईंचा त्यांच्यावर राग. त्या कायद्याने एका हाताने साऱ्या देशाला एकच राष्ट्रीय अभ्यासक्रम लावला आणि दुसऱ्या हाताने शाळांना कौन्सिलमधून बाहेर पडून थेट केंद्राचे अनुदान घेण्याची मुभा दिली. त्याआधी १९८६ मध्येच उद्योगपतींच्या मदतीने शहरांत तंत्रशाळा काढण्याची घोषणा झाली होती. पण देणगीदार पुढे येईनात आणि अशा अवघ्या १५ शाळा निघाल्या. थेट अनुदानाच्या शाळा मात्र हजारावर गेल्या. त्यातले एक कलम मला महत्त्वाचे वाटते. कौन्सिल सोडायचे असेल तर पालकांचे गुप्त मतदान घ्यावे लागे. कित्येक ठिकाणी पालकांनी ठराव पाडलाही. ज्या थॅचरबाईंना आपण हुकूमशाही वृत्तीच्या म्हणतो, त्यांच्या कायद्यात पालकांना मत होते. पुढे सुधारणेचे वारे जोरात वाहू लागले तेव्हा ते गेले.

१९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, त्याने १९९८ च्या कायद्याने थेट अनुदानाचा प्रकार बंद केला आणि दोनच वर्षांत जवळपास तोच प्रकार नव्या नावाने आणला. मार्च २००० मध्ये डेव्हिड ब्लंकेट यांनी 'सिटी अकॅडमी'ची घोषणा केली. कल्पना टोनी ब्लेअर यांचे सल्लागार अँड्र्यू अडोनिस यांची. मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत ज्या शाळा वर्षानुवर्षे नापास होत होत्या, त्या बंद करून त्यांच्या जागी नवी शाळा उभारायची. एखाद्या उद्योगपतीने, चर्चने किंवा धर्मादाय संस्थेने २० लाख पौंड द्यायचे. उरलेला सगळा खर्च सरकारचा. आणि कारभार त्या प्रायोजकाच्या ट्रस्टकडे. पहिल्या तीन अकॅडमी सप्टेंबर २००२ मध्ये उघडल्या.

या योजनेला नावे ठेवण्याआधी लंडनच्या हॅकनी भागातली गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. तिथे हॅकनी डाउन्स नावाची १८७६ सालची मुलांची शाळा होती. नाटककार हॅरॉल्ड पिंटर तिथलेच विद्यार्थी. पुढे शाळेला इतकी उतरती कळा लागली की १९९५ मध्ये सरकारने ती बंदच केली. त्याच जागेवर २००४ मध्ये मॉसबोर्न अकॅडमी उभी राहिली. मायकेल विल्शॉ हे मुख्याध्यापक आले. गणवेश कडक, शिस्त कडक, संध्याकाळी उशिरापर्यंत वर्ग. पाच वर्षांनी पहिली तुकडी परीक्षेला बसली तेव्हा दहांतली आठ मुले इंग्रजी-गणितासह उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झाली. ज्या वस्तीतली पोरे कॉलेजचे तोंड पाहत नसत, तिथून केंब्रिजला जाऊ लागली. मुख्याध्यापक म्हणून हे वाचताना मला खरोखर हेवा वाटला. पण एक शंका आली, ती लपवत नाही. नवी इमारत, निवडून घेतलेले शिक्षक, हवा तितका पैसा आणि विल्शॉ यांच्यासारखा माणूस असताना त्या शाळेला जे यश आले, त्यातले मालकी बदलल्यामुळे किती आले? हे सगळे कौन्सिलच्या शाळेला दिले असते तर?

ही शंका राजकारण्यांना आली नाही. मे २०१० मध्ये सरकार बदलले तेव्हा अकॅडमी दोनशेच्या आसपास होत्या. नवे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुलैच्या अखेरीस नवा कायदा मंजूर करून घेतला आणि योजनेचे तोंडच फिरवले. आधी ती नापास शाळांसाठी होती, आता उत्तम शाळांना प्रथम आमंत्रण होते. प्रायोजकाची अट गेली. पालकांचे मतदान नाही. शाळेच्या व्यवस्थापकांनी ठराव करावा, 'विचारविनिमय' करावा आणि अर्ज पाठवावा. कौन्सिल आपल्या मध्यवर्ती खर्चासाठी जो वाटा राखून ठेवत असे तो आता थेट शाळेला मिळणार, या आमिषाने शेकडो हायस्कुले रांगेत उभी राहिली. मुख्याध्यापकांना दोष देऊन उपयोग नाही. खडूच्या पेटीसाठी चार अर्ज करणारा माणूस मी आहे. माझ्यापुढे कुणी असा कागद ठेवला असता तर मी काय केले असते, हे छातीठोकपणे सांगू शकत नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या कागदांत आहे. अकॅडमी ही ट्रस्टची. ट्रस्ट म्हणजे कायद्याने एक कंपनी, नफा न वाटणारी. तिचा करार थेट शिक्षणमंत्र्यांशी. शाळेची जमीन कौन्सिलच्या नावावर असेल तर ती ट्रस्टला बहुधा १२५ वर्षांच्या पट्ट्याने दिली जाते, नाममात्र भाड्याने. इंग्रजी कायद्यात या नाममात्र भाड्याला 'मिरीचा एक दाणा' म्हणतात. ज्या मिरीसाठी युरोपची गलबते आपल्या किनाऱ्याला लागली, तिच्या एका दाण्यावर त्यांच्या गावशाळेचे मैदान सव्वाशे वर्षांसाठी दुसऱ्याच्या हाती जाते! ट्रस्टला राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे बंधन नव्हते, शिक्षकांच्या ठरलेल्या वेतनश्रेणीचे नव्हते, आणि २०१२ पासून प्रशिक्षित शिक्षकच नेमावा असेही नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर बी.एड.शिवायही वर्गावर उभे राहता येईल.

सुरुवातीला एकेक शाळा म्हणजे एकेक ट्रस्ट, असे होते. नंतर एकाच ट्रस्टच्या ताब्यात दहा, वीस, चाळीस शाळा आल्या. 'स्वतंत्र शाळा' या घोषणेने सुरू झालेली गाडी इथे येऊन उलटी फिरली. अशा ट्रस्टमध्ये गेलेली शाळा कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र उरत नाही. तिचा मुख्याध्यापक दूरच्या कचेरीतल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला उत्तरदायी असतो. पूर्वी कौन्सिलच्या साहेबाविरुद्ध निदान निवडणुकीत बोलता येत होते.

मार्च २०१६ मध्ये कळस झाला. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात जाहीर केले की इंग्लंडमधली प्रत्येक सरकारी शाळा अकॅडमी होणार. दुसऱ्याच दिवशी शिक्षणमंत्री निकी मॉर्गन यांची श्वेतपत्रिका आली. मुदत २०२२. व्यवस्थापनात पालकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची जागा राखण्याची सक्तीही नको, असे तीत म्हटले होते. त्या वेळी पाचांतल्या सुमारे चार प्राथमिक शाळा कौन्सिलकडेच होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य शाळांचा शेरा चांगला होता. शिक्षकसंघटना उठल्या त्यात नवल नाही. नवल हे की सत्ताधारी पक्षाचेच ग्रामीण काउंटींमधले कौन्सिलर उठले. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. डोंगरकपारीतल्या पन्नास-साठ मुलांच्या शाळेला कौन्सिल सांभाळते, कारण ती त्यांच्या मतदारसंघात आहे. दूरचा ट्रस्ट तिचा ताळेबंद पाहील. शेवटी ६ मे २०१६ रोजी सरकारने सरसकट सक्ती मागे घेतली.

त्याच मार्च महिन्यात आणखी एक गोष्ट घडली होती. मॉसबोर्नचे नायक विल्शॉ तोवर देशाचे मुख्य शाळा तपासनीस झाले होते. त्यांनी मंत्र्यांना पत्र लिहून सात मोठ्या ट्रस्टमधील गंभीर उणिवा मांडल्या. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, शाळा उघडून काही दिवस झाले नाहीत तोच वेकफिल्ड येथील एका ट्रस्टने आपल्या २१ शाळा आपल्याला चालवता येत नाहीत असे जाहीर केले. शाळांच्या शिलकीच्या रकमा आधीच ट्रस्टच्या खात्यात गेल्याचा गवगवा झाला. त्यात पालकांनी जत्रा भरवून, केक विकून जमवलेला पैसाही होता असे लोक म्हणत होते. त्या एकवीस शाळा दुसऱ्या ट्रस्टांमध्ये वाटल्या गेल्या. परत कौन्सिलकडे जाण्याची वाट मात्र कायद्याने ठेवलेलीच नव्हती.

आणि निकाल? पार्लमेंटच्या शिक्षण समितीने जानेवारी २०१५ मध्येच म्हटले होते की अकॅडमी झाल्याने एकंदर दर्जा वाढला असा पुरावा अजून मिळालेला नाही. सुरुवातीच्या, गरीब वस्त्यांतल्या अकॅडमींना फायदा झाल्याचे अभ्यासकांना आढळले; नंतरच्या लोंढ्याबद्दल तसे म्हणता येईना. तरी २०२२ मध्ये पुन्हा एक श्वेतपत्रिका निघाली, २०३० पर्यंत सगळ्या शाळा मोठ्या ट्रस्टमध्ये आणण्याची. तिचे विधेयक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मागे घेतले गेले. मग मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने आणलेल्या विधेयकात अकॅडमींनाही राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि प्रशिक्षित शिक्षक यांचे बंधन घालायचे कलम होते. तोवर हायस्कुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक अकॅडमी झाली होती.

शेजारच्या वेल्सने मात्र हा रस्ता धरलाच नाही. तिथे शाळा कौन्सिलांकडेच राहिल्या. आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसाने वेल्सकडे जरा निरखून पाहावे. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषा म्हणजे प्रगतीतली धोंड असे ठरवले होते, आणि शाळेत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवण्याची प्रथा कित्येक ठिकाणी होती. १९३९ मध्ये ॲबरिस्टविथ गावी इफान अब ओवेन एडवर्ड्स यांनी सात मुलांची वेल्श माध्यमाची खाजगी शाळा काढली. सात मुले! पण खाजगी शाळेची फी परवडणारी घरे किती? भाषेला खरी उभारी आली ती १९४७ मध्ये, जेव्हा लानेथ्ली इथे कौन्सिलने स्वतःच्या खर्चाने वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा उघडली. खाणकामगाराच्या, कारखान्यातल्या मजुराच्या पोराला त्याची भाषा फुकट मिळू लागली. पालकांनी मागणी करायची ती निवडून दिलेल्या कौन्सिलकडे, आणि नाही म्हणणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत पाहून घ्यायचे.

आपल्याकडे हा वाद १८८२ मध्येच झाला होता. हंटर आयोगापुढे प्रश्न होता की सरकारने शाळांतून अंग काढून घ्यावे काय. आयोगाने प्राथमिक शाळा लोकल बोर्ड आणि म्युनिसिपालिट्यांकडे द्याव्यात आणि माध्यमिक शिक्षण हळूहळू खाजगी संस्थांवर सोडावे असे सुचवले. न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी हे त्याच काळाचे अपत्य, आणि खाजगी संस्थांनी मराठी माणसाला किती दिले हे मी सांगायची गरज नाही. माझी रोजीरोटी अशाच एका संस्थेची आहे. पण त्याच आयोगाला पुण्याहून जोतीराव फुले यांनी निवेदन दिले होते. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे त्यांनी मागितले, आणि सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेतले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल व शाळांचा निःपक्षपातीपणा धोक्यात येईल असे बजावले. संस्था कोणाच्या हातात जातील, हे त्यांना आयोगापेक्षा अधिक ठाऊक होते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने देणगीदारांना सरकारी शाळा दत्तक देण्याची योजना काढली, देणगीच्या बदल्यात ठरावीक काळ शाळेच्या नावाशी त्यांचे नाव जोडण्याची सोय केली, तेव्हा मला प्रथम ते वीस लाख पौंड आठवले आणि मग हे निवेदन.

आमच्या संस्थेच्या एका सभेत एक उत्साही सभासद म्हणाले होते, "आसपासच्या सरकारी मराठी शाळा आपल्यालाच चालवायला द्या म्हणून मागू या, मराठी तरी टिकेल." टाळ्या पडल्या. मीही पहिल्यांदा मान हलवली. घरी येताना विचार केला की आज आम्ही आहोत म्हणून ठीक. उद्या संस्थेवर दुसरी मंडळी आली, आणि बावीस पोरांच्या मराठी वर्गापेक्षा इंग्रजी माध्यमाची तुकडी किफायतशीर आहे असे त्यांना दिसले, तर एसडीएमसीतल्या बायाबापड्यांनी दाद कुठे मागायची? आज निदान बीईओ ऑफिसच्या दारात जाऊन बसता येते. तिथे खेटे घालावे लागतात, हे मलाही माहीत आहे. एका रिक्त जागेसाठी माझ्या चपला झिजल्या आहेत. पण ते दार आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी ज्या खेड्यातल्या शाळेत शिकलो तिथे एका नातलगाच्या दाखल्यासाठी गेलो होतो. गुरुजींनी पेटीतून जुने जनरल रजिस्टर काढले. पहिल्या पानांवर डिस्ट्रिक्ट लोकल बोर्डाचा शिक्का, पुढे डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डाचा, १९५६ नंतर म्हैसूर राज्याचा, १९७३ नंतर कर्नाटकाचा. शिक्क्यावरची लिपीही मध्येच बदलते. आतली नावे मात्र त्याच घरांची आहेत: आजोबा, बाप, नातू, कुळवाडी, सुतार, महार, जैन, मुसलमान, सगळे एका वहीत. फीच्या रकान्यात जिथे तिथे 'माफ' लिहिलेले आहे. माझ्या नावापुढेही तेच आहे. गुरुजींनी दाखला लिहिला, शिक्का मारला आणि वही पुन्हा पेटीत ठेवली. त्या वर्षी पटावर तेवीस मुले होती.

फोनवर मी त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगितले की मालक ट्रस्ट आहे, सव्वाशे वर्षांसाठी. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, म्हणजे माझ्या पणतीच्या वेळेपर्यंत की हो." मी म्हटले, "त्या सभेची नोटीस आली असेल तर जाऊन ये." तो गेला होता. सभागृहात दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि पालक अकरा आले होते, असे त्याने पुढच्या दिवाळीला सांगितले.